माडांच्या बागेत आठ महिने: अडथळा ओळखणाऱ्या ड्रोनचा अनुभव

आमची माड-पोफळीची बाग वेंगुर्ल्याजवळ आहे. कुठल्या माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरलाय हे बघायला माडावर चढणारा पाडेली मिळेपर्यंत आठ-आठ दिवस जायचे, म्हणून दिवाळीनंतर ड्रोन घेतला. अडीचशे ग्रॅमच्या आतला, म्हणजे २०२१च्या नियमांप्रमाणे ‘नॅनो’. पुढे, मागे आणि खाली कॅमेऱ्यांची एकेक जोडी. कंपनीचं नाव देत नाही. सांगायचंय ते अशा जोडकॅमेऱ्यांच्या बहुतेक ड्रोनना लागू आहे.

कौतुक आधी. दोन पोफळींत जेमतेम नऊ फूट जागा, तरी हा ओळीओळीतून जातो. समोर खोड आलं की दोन हात अलीकडे थबकतो आणि बाजूने वाट काढतो. भुंग्याने कात्रीने कापल्यासारख्या केलेल्या झावळ्या मी आता घरबसल्या चहा पिताना बघतो.

मार्चमध्ये मात्र भर दुपारी, लख्ख उन्हात, तो पंपाच्या खोलीकडे जाणाऱ्या विजेच्या तारेवर सरळ जाऊन आदळला. वेगही कमी होता. आळ्यात पडलेला उचलला तर एक पातं मुळातून तुटलेलं, दुसऱ्यावर तारेच्या काळ्या वेष्टनाचा ओरखडा. खोड दिसतं आणि तार दिसत नाही, हे मला चैन पडू देईना.

कारण कळलं ते असं. डाव्या आणि उजव्या कॅमेऱ्याच्या चित्रांत एकच बिंदू किती सरकलाय, त्यावरून अंतर निघतं. उभ्या खोडाची कड किती सरकली ते नेमकं कळतं. आडवी तार डावी-उजवीकडे सरकवली तरी तारेवरच राहते. तिचा प्रत्येक इंच शेजारच्यासारखाच. जुळवायचं कशाशी? चुना लावलेल्या कोऱ्या भिंतीचंही तेच.

खात्री करायला दोन माडांमध्ये काथ्याची दोरी आडवी बांधली, पात्यांना जाळी लावली आणि अगदी हळू सोडला. थेट दोरीवर गेला. मग त्याच दोरीला हातहात अंतरावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लोंबत्या बांधल्या. थांबला! तीनदा केलं, तीनदा थांबला. विजेच्या तारेला अर्थातच काही बांधायचं नाही. तिथे मी खांबाच्या टोकावरूनच उडवतो. खांब त्याला छान दिसतो.

अंतर दुप्पट झालं की अंदाजातली चूक साधारण चौपट होते, त्यामुळे लांबून वेगाने आणायचा नाही. स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सुसाट उडवायच्या सेटिंगमध्ये, हे डोळे बंदच असतात. तिन्हीसांजेला बाहेर काढू नका. काचा रोज पुसा, खाऱ्या हवेचा थर बसतो. खाडीवर पाण्यालगत धरलात तर लाटांबरोबर वाहवत जातो, कारण खालच्या कॅमेऱ्याला पाणी म्हणजे हलणारी जमीन वाटते.

बाजूंना डोळे नाहीत, हे मला खटकतं. २०१६मध्ये आलेल्या फँटम ४ या ड्रोनला फक्त समोरचं आणि खालचं दिसायचं. इतक्या वर्षांनी लहान ड्रोनलाही चहूबाजूंनी दिसायला हवं. आडवा सरकवताना आंब्याच्या फांदीत दोनदा अडकला.

घार अंगावर आली तेव्हाही तो चुकवू शकला नाही, मीच खाली घेतला. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये फक्त प्रकाशातला बदल टिपणारे कॅमेरे लावून, फेकलेला चेंडू ३.५ मिलिसेकंदांत ओळखून चुकवणारा ड्रोन दाखवला होता. ते बागायतदाराच्या हाती येईल त्या दिवशी मी हा बदलेन. तोवर दर रविवारी सकाळी नऊ वाजता हाच उडतोय.