पुण्यात भाड्याचं घर शोधताय? आमच्या एजंट काकांबद्दल

पाचपैकी पाच स्टार. का ते जरा सविस्तर लिहिते, आमच्यासारख्या कुटुंबांना उपयोग होईल.

आम्ही चिपळूणकडचे मुसलमान. आडनाव असं की ते हिंदू घरांतही सापडतं, त्यामुळे फोनवर सगळं सुरळीत व्हायचं. फॅमिली का, किती जण, नोकरी कुठे. मग पूर्ण नाव सांगितलं की समोरचा गप्प. "घरच्यांशी बोलून कळवतो." कोणीही कळवलं नाही. एका ठिकाणी तर टोकनचे ५,००० रुपये देऊन झाले होते. रात्री अॅग्रीमेंटसाठी आधार कार्डांचे फोटो पाठवले. दोन निळ्या टिका उमटल्या आणि दहा मिनिटांत ५,००० खात्यात परत. सोबत एक शब्द नाही. मुलगी तोवर खिडकीजवळचा कोपरा तिच्या टेबलासाठी ठरवून आली होती. सकाळी तिला काय सांगायचं, ते आम्हा दोघांनाही सुचेना.

"कोंढव्यात बघा ना, तिकडे तुमचे लोक आहेत," हे तर जो तो सांगायचा. कोंढव्याबद्दल माझी तक्रार नाही, नणंद तिथेच राहते. पण मी लॅबमध्ये काम करते ती कर्वेनगरला, मुलीची शाळाही तिथलीच. सगळे जण नोकरी आणि शाळा बघून घर घेतात. आम्ही तेवढं धर्म बघून घ्यायचं?

लॅबमधल्या मॅडमनी या काकांचा नंबर दिला. त्यांनी आधी आमची पूर्ण नावं विचारून वहीत लिहून घेतली. मग आमच्यासमोरच मालकांना फोन लावायला बसले. प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच: "मुस्लिम फॅमिली आहे, नवरा-बायको आणि एक मुलगी, दोघं नोकरीवाले. चालत असेल तर आत्ता घेऊन येतो, नसेल तर आत्ताच सांगा." सात फोन झाले. पाच जण सरळ नाही म्हणाले, एक "बघतो" म्हणाले, एक बाई "आणा" म्हणाल्या. ती पाच उत्तरं ऐकताना घसा दाटून आला होता. तरीही मला हेच बरं वाटलं. घर बघून, मनात मांडून, मग नकार घेण्यापेक्षा बरं.

त्यातले एक मालक म्हणाले, "माझं काही नाही हो, सोसायटी परवानगी देत नाही." काकांनी लगेच ऐकवलं की सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. त्यावर पलीकडून फोन ठेवला गेला. काका काही बोलले नाहीत, वहीत त्या नावापुढे फुली मारली.

नंतर मी घरी बसून वाचलं. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, तिथे धर्मावरून कोणाला अडवता येत नाही. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. मूठभर उरलेल्या समाजाला एकत्र राहावंसं वाटतं, हे मला समजतं. पण एवढा मोठा समाज चार-दोन घरांना दाराबाहेर ठेवतो, तेव्हा त्या घरांनी जायचं कुठे? मतदार यादीत आमचं नाव चालतं, मग जिन्यावर का नाही?

आता व्यवहाराचं. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, त्यात कमी-जास्त नाही. करार ११ महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला. स्टँप ड्युटी आणि १,००० रुपये नोंदणी फी आम्ही आणि मालकीणबाईंनी निम्मी-निम्मी भरली. पोलीस व्हेरिफिकेशन झालं. ते सगळ्याच भाडेकरूंचं करतात का, हे मी स्पष्ट विचारलं, तर काकांनी आधीच्या भाडेकरूची, एका सोलापूरच्या मुलाची, पावती दाखवली. वेळेचं मात्र काही खरं नाही. अकराला येतो म्हणून सव्वाबाराला आले, आणि फ्लॅटचे फोटो कधीच पाठवत नाहीत, जाऊनच बघावं लागतं. बाल्कनीचं दार अजून नीट लागत नाही, सुतार पाठवतो म्हणून तीन आठवडे झाले.

मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. चावी देताना त्यांनी एकच अट घातली: भिंतींना आणि दाराला खिळे मारायचे नाहीत, नुकताच रंग दिलाय. म्हणून नावाची पाटी टेपने लावली आहे. तिघांचीही पूर्ण नावं, ठळक अक्षरांत. मुलीचं टेबल या घरातही खिडकीशी बसलं.

काका दुपारी दोन ते पाच फोन उचलत नाहीत. पाचनंतर करा, आणि पूर्ण नाव पहिल्यांदाच सांगा.