दहा महिने जग फिरून आलेली सॅक आणि खजुरी बाजारातले चाचा

खजुरी बाजारात बॅगा शिवून देणाऱ्या चाचांना चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

तर झालं असं की मागच्या ऑक्टोबरमध्ये इंदूरहून निघाले आणि पश्चिमेकडेच जात राहिले, तुर्कस्तान, स्पेन, पोर्तुगाल, मग पेरू, बोलिव्हिया, चिले, तिथून न्यूझीलंड, जपान, व्हिएतनाम, आणि ऑगस्टमध्ये मुंबईवरून परत इंदूर. सोबत एकच 45 लिटरची सॅक. दहा महिने तिने फारशी तक्रार केली नाही आणि उसवली कुठे तर आपल्या इंदूरच्या एअरपोर्टवर, सामानाच्या बेल्टवर. आधी माझा एक मोजा आला, मग टॉवेल, मग थोडं अंतर ठेवून सॅक, तोंड वासून. ओढणीने बांधून बाहेर आले तर आईचं पहिलं वाक्य, "हे काय गं, बोचकं बांधून आलीस?" बाबा मात्र रडले. आईने रडायचं काम रात्रीसाठी ठेवलं होतं.

सॅकच्या कंपनीला फोटो काढून मेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं की वापरून झालेली झीज वॉरंटीत बसत नाही, चेन तर नाहीच नाही, पण नव्या सॅकवर डिस्काउंट देऊ. म्हटलं राहू द्या.

मग बाबा म्हणाले खजुरी बाजारात जा, पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत एका ओटल्यावर चाचा बसतात, तुझी शाळेची दप्तरं त्यांच्याकडेच शिवून आणायचो. बोर्ड वगैरे काही नाही. एक शिलाई मशीन, गोणपाटावर मांडलेले रनर, बकलं, नवारीच्या पट्ट्या, आणि मागे लोकांच्या बॅगांचा ढीग, चिठ्ठी न लावता. कुठली कोणाची ते त्यांना पाठ.

मला वाटलं होतं पूर्ण चेन बदलावी लागेल, एका ठिकाणी सातशे सांगितले होते. चाचांनी सॅक मांडीवर घेतली, चेन दोनदा ओढली, अंगठ्याने दाते चाचपले आणि म्हणाले, "बेटा, चेन में कुछ नहीं हुआ, रनर का मुँह खुल गया है।" म्हणजे कसं, की आपण ज्याला चेन खराब झाली म्हणतो त्यात दाते बहुतेक वेळा चांगलेच असतात, ते नायलॉनचे असतात ना, गंजत नाहीत. पण त्यांना दाबून एकमेकांत बसवतो तो रनर धातूचा, तो झिजतो, त्याचं तोंड किंचित फाकतं, आणि मग रनर पुढे जातो पण मागे चेन उघडीच राहते. पकडीने दाबला की चार दिवस चालतो. मी बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये फुटपाथवरच्या एका माणसाकडून तेच करून घेतलं होतं, त्याची खूण चाचांनी लगेच ओळखली. म्हणाले ह्याने काम बरोबर केलंय, पण असं एक-दोनदाच करता येतं, मग रनर तडकतो.

मग शिवणीच्या कोपऱ्यातून नखाने काहीतरी पांढरं काढलं आणि सरळ जिभेला लावलं. "नमक है। कहाँ घुमा लाई इसको?"

उयुनीचं मीठ होतं ते! बोलिव्हियात साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं पठार आहे, पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि सगळं आकाश खाली दिसतं, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. फोटोत जे दिसत नाही ते हे की सॅक जीपच्या टपावर असते आणि ते खारं पाणी उडून प्रत्येक शिवणीत जाऊन वाळतं. रनर तिथेच मेला होता, फक्त मला ऑगस्टमध्ये कळलं. न्यूझीलंडला उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी माझे बूट तपासून, धुऊन परत दिले, कारण बाहेरची माती त्यांना चालत नाही, न सांगता नेलं तर 400 डॉलर दंड. जीरावनचं, म्हणजे आपल्या इंदुरी मसाल्याचं, पाकीटसुद्धा मी घाबरून फॉर्मवर लिहिलं होतं, त्यांनी हुंगून दिलं परत. सॅक कोणी धुतली नाही आणि मीही नाही, चूक माझीच.

चिलेहून न्यूझीलंडला येताना एक अख्खी तारीख गायब होते हे चाचांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली फक्त. (आईला सांगितलं होतं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "मग त्या महिन्यातली संकष्टी कधी केलीस?" आता हिला काय सांगू. 1522 मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं एक जहाज पृथ्वी फिरून परत आलं तेव्हा त्यांच्या डायरीतही एक दिवस कमी भरला होता, तेही पश्चिमेकडूनच गेलेले. त्यांना निदान आई फोनवर विचारत नव्हती.)

आता पाचवा स्टार. पाच वाजता या म्हणाले, मी पाचला हजर, सॅक तशीच. गणपती तोंडावर आलेले, ढोल पथकाची पोरं पट्टे शिवायला घेऊन आलेली आणि अर्थात त्यांचं आधी. साडेसातला या. साडेसातचे पावणेनऊ. तोपर्यंत सराफ्यातला रात्रीचा खाण्याचा बाजार लागायला सुरुवात झाली होती, सोन्याची दुकानं बंद होऊन त्यांच्या पायऱ्यांसमोर कढया, तर मी भुट्ट्याचा कीस खाल्ला, वरून जीरावन, लिंबू. दहा महिन्यांत मका बऱ्याच देशांत खाल्ला, दुधात शिजवून असा किसलेला कुठे मिळाला नाही. चाचांवरचा राग तिथेच निम्मा झाला.

काम एकदम पक्कं आहे. दोन नवे रनर, खांद्याच्या पट्ट्याला चौकोनात फुली मारून दुहेरी शिलाई, आणि शेवटी चेनवरून मेणबत्ती फिरवली, ती तर फुकट. एकूण 140 रुपये. घरी नेऊन आधी साध्या पाण्याने धू म्हणाले, ते केलं, बादलीचं पाणी चाखायचा मोह झाला पण आई बघून राहिली होती.

जाताना सुट्टे न्या आणि वेळ सांगतील त्यात तीन तास मिळवा. आईने माळ्यावरून तिची लग्नातली सुटकेस काढून ठेवलीये, कडी लागत नाही म्हणून, त्यामुळे गुरुवारी मी परत त्याच ओटल्यावर.