माझी यादी वाचूनच त्याने गळ टाकला

गेल्या आठवड्यात नाशिकरोडच्या एका मुलाने मला मोबाइलवर फोटो दाखवला. "दादा, हा माणूस अख्खा लॉट देतोय. घेऊ का?" फोटोत पोकेमॉनची कार्डं नीट मांडलेली होती आणि त्यांच्याखाली निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ. विकणाऱ्याचं नाव मला नवीन, नंबरही नवीन. पण तो टेबलक्लॉथ मी कधीच विसरणार नाही. माझे चार हजार दोनशे रुपये त्याच कापडावर गेलेत. तो माणूस अजून विकतोय हे त्या दिवशी कळलं, म्हणून झालं तसं सगळं लिहून काढतोय.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पोकेमॉनच्या कार्डांनी खेळायचा हा खेळ मला भाच्यामुळे लागला. ताई इंदिरानगरला राहते, शनिवारी-रविवारी तो माझ्याकडे असतो. सुरुवातीला त्याला सोबत म्हणून खेळायचो, मग मलाच गोडी लागली. गंगापूर रोडला एका कॅफेच्या माडीवर आम्ही दहा-बाराजण रविवारी जमतो. श्रावणातल्या एका रविवारी तिथल्याच ओळखीतून छोटी स्पर्धा ठरली आणि मी पहिल्यांदाच स्वतःचा पूर्ण डेक बांधायचं ठरवलं. हाताशी पैसे होते साडेचार हजार.

डेक म्हणजे खेळाडूचा गठ्ठा, त्यात बरोबर ६० कार्डं. बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी साधी कार्डं) सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त कार्डं चालत नाहीत, आणि एस स्पेक या खास ताकदवान प्रकारचं कार्ड अख्ख्या डेकमध्ये एकच. मी ड्रॅगापल्ट एक्स या पोकेमॉनचा डेक निवडला. फँटम डाइव्ह हा त्याचा हल्ला समोरच्याला २०० डॅमेज देतो, शिवाय बेंचवरच्या, म्हणजे त्याच्या मागे राखीव बसलेल्या पोकेमॉनवर नुकसान मोजणारे सहा डॅमेज काउंटर आपल्या मनाप्रमाणे वाटता येतात. निवड हवेत केली नव्हती. टीसीजी लाइव्ह हे पोकेमॉनचं अधिकृत ॲप फुकट आहे, त्यावर महिनाभर हाच डेक खेळून पाहिला होता. घरी भाच्यासोबत साध्या कागदावर कार्डांची नावं लिहून, ते कागद स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घालूनही खेळलो. कमी पैशात डेक बांधणाऱ्याने एवढं तरी करावंच, कारण खेळून न पाहता घेतलेलं कार्ड स्वस्त मिळालं तरी महागच पडतं.

पैशाचं गणित असं असतं की साठातली पन्नास कार्डं किरकोळीत मिळतात. ड्रीपी, ड्रॅकलोक, रेअर कँडी, अल्ट्रा बॉल, एनर्जी ही कुणाच्या ना कुणाच्या डब्यात पडलेलीच असतात. अल्ट्रा बॉल, रेअर कँडी, बॉसेस ऑर्डर्स पुढच्या डेकलाही लागतात, त्यामुळे ती आधी घ्यायची. खरा खर्च सात-आठ कार्डांवर होतो. माझ्या डेकमध्ये ती होती ड्रॅगापल्ट एक्स तीन, फेझँडिपिटी एक्स एक, बड्यू दोन आणि एस स्पेक म्हणून अनफेअर स्टँप. त्यातही साधी आवृत्ती घेतली तर काही बिघडत नाही. खालच्या कोपऱ्यात दोन काळे तारे असलेलं कार्ड आणि सोनेरी ताऱ्यांचं सुंदर चित्राचं कार्ड पटावर अगदी सारखंच चालतं. कोपऱ्यातलं नियमाचं अक्षरही बघायचं, कार्ड स्पर्धेत चालतं की नाही ते त्यावर ठरतं. ११ एप्रिल २०२५ पासून एफ अक्षराची कार्डं स्टँडर्ड स्पर्धेतून गेली आणि जी, एच, आय राहिली. त्यातलं जी तेव्हा सगळ्यात जुनं, म्हणजे त्याचाच नंबर आधी लागणार होता, त्यामुळे त्यावर जास्त पैसा घालायचा नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. घात झाला तो या माहितीबाहेरच्या एका गोष्टीत.

खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर मी माझी यादी टाकली. हवं असलेलं प्रत्येक कार्ड, त्याची संख्या, खाली "बजेट ४,५००" आणि त्याखाली स्पर्धेची तारीख. काय हवंय, खिशात किती आहे आणि घाई किती आहे, हे तिन्ही मीच लिहून दिलं. शिंप्याला माप द्यावं तसं.

त्याचा पहिला मेसेज अगदी साधा होता. "भाऊ, बडी-बडी पॉफिन चार आहेत, अल्ट्रा बॉल दोन. बाकीचं माझ्याकडे नाही." ३२० रुपये पाठवले. तिसऱ्या दिवशी पाकीट आलं, कार्डं खरी, कडेकोट बांधलेली, सोबत पेनाने लिहिलेली "धन्यवाद भाऊ" अशी चिठ्ठी. माणूस भला वाटला. "बाकीचं माझ्याकडे नाही" या वाक्यानेच मी सैल झालो. आता कळतं की ते ३२० रुपयांचं पाकीट गळाला लावलेलं आमिष होतं.

आठवड्याने त्याचाच मेसेज आला. "माझा मित्र खेळ सोडतोय. त्याचा लॉट काढतोय. तुमच्या कामाचं काही आहे का बघा." बघतो तर माझ्या कामाचं सगळंच होतं. तीन ड्रॅगापल्ट, फेझँडिपिटी, दोन बड्यू, अनफेअर स्टँप, ड्रीपी-ड्रॅकलोक चार-चार. आणि हॉलूचा नावाची कार्डं दोन. इथे मी थांबायला हवं होतं. मला हॉलूचा एकच हवा होता. यादी लिहिताना तो चुकून दोनदा लिहिला गेला होता आणि नंतर मी ते दुरुस्त केलं नव्हतं. खेळ सोडणाऱ्या कुठल्याशा मित्राच्या डेकमध्ये माझी चूक कशी येईल? त्याने लॉट शोधला नव्हता, माझी यादी उतरवून घेतली होती.

किंमत सांगितली ४,२००. तीच कार्डं एकेक करून घेतली असती तर सहा हजारांच्या वर गेली असती. यादीत लिहिलेल्या बजेटपेक्षा तीनशे कमी. मी फोटो मागितला तर त्याने माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी कार्डांशेजारी ठेवून फोटो पाठवला, त्याच निळ्या चौकटींवर. फोटोतली कार्डं खरीच असणार, आजही मला तसंच वाटतं. फोटो एका गठ्ठ्याचा काढायचा आणि पाकिटात दुसरी कार्डं भरायची, यात अवघड काय आहे?

यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर भलतंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "भावाचं खातं आहे, माझं बँकेत अडकलंय." आणि लगेच पुढे, "आत्ता पाठवलंत तर आजच कुरियरला टाकतो, शनिवारपर्यंत पोचेल. नाहीतर सोमवार." रविवारी स्पर्धा. मी बटण दाबलं.

पार्सल शनिवारी संध्याकाळी उशिरा आलं. तो पुण्याचा म्हणून सांगत होता, पाकिटावर शिक्का दुसऱ्याच गावचा. बाहेर पाऊस, आत भाचा उड्या मारतोय, मला डेकची यादी भरायची घाई. महागडी कार्डं त्याने आधीच पातळ स्लीव्हमध्ये घातली होती आणि मेसेज करून ठेवला होता, "एकदम मिंट (कोरी करकरीत) आहेत, स्लीव्ह काढू नका." मी काढल्या नाहीत. तशीच वरून माझ्या जाड, मागून अपारदर्शक स्लीव्हमध्ये सरकवली. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही. कारखान्यात मी मास्टर पीसशी, म्हणजे प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय एक नगही पुढे सोडत नाही, आणि माझ्या डब्यात खरी कार्डं शेजारीच पडलेली होती.

दुसऱ्या फेरीआधी डेक तपासायला घेतले. जज म्हणजे कॉलेजातला एक शांत मुलगा. त्याने माझा डेक पंख्यासारखा पसरला, थांबला, एक ड्रॅगापल्ट स्लीव्हमधून काढला आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, हे कुठून घेतलंत?" मग मोबाइलची बॅटरी लावून कार्डामागे धरली. उजेड आरपार दिसत होता, जसा वहीच्या पानातून दिसतो. शेजारी त्याने स्वतःचं कार्ड धरलं, त्यातून जेमतेम धुगधुगी आली. खऱ्या कार्डात दोन कागदांच्या मधे गडद थर असतो, तो उजेड अडवतो. उलटी बाजू पाहिली तर खऱ्याच्या शेजारी माझ्या कार्डाचा निळा रंग जांभळट दिसत होता. अक्षरं किंचित ठसठशीत, नियमाचं एच अक्षर कडांना फुटलेलं. आणि तरी खाली १३०/१६७ हा नंबर बरोबर होता, ट्वायलाइट मास्करेड सेटचं चिन्ह बरोबर होतं. नुसतं वाचून ओळखणाऱ्याला ते कार्ड शंभर टक्के खरं वाटेल. बोटांनी आणि उजेडानेच ते उघडं पडतं.

सात कार्डं खोटी निघाली. तीन ड्रॅगापल्ट, फेझँडिपिटी, दोन बड्यू, अनफेअर स्टँप. दहा-वीस रुपयांची सगळी खरी, महागडी सगळी खोटी.

त्या पाच मिनिटांत मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. पैसे गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आली ती भीती की इथे जमलेली माणसं मलाच लबाड समजतील. खोटं कार्ड स्पर्धेत चालत नाही, आणि तुम्ही ते मुद्दाम आणलं की तुम्हीच फसलात हे कपाळावर लिहिलेलं नसतं. भाचा शेजारी उभा होता, त्याचा चेहरा उतरला. जजने सांगितलं की खरी कार्डं मिळाली तर बदला, नाहीतर त्यांच्या जागी बेसिक एनर्जी घालून खेळा. त्यावर नववीतली एक मुलगी, जिच्याशी मी आधी फार बोललोही नव्हतो, आपला डबा घेऊन आली आणि म्हणाली, "काका, माझे दोन ड्रॅगापल्ट घ्या, मी आज दुसरा डेक खेळतेय." तिसरा आणखी कुणी दिला, बड्यूही मिळाले. फेझँडिपिटी आणि स्टँपच्या जागी एनर्जी घालून मी खेळलो. निकालाचं सोडा. पण कमी पैशात डेक बांधायचा सगळ्यात चांगला मार्ग मला त्या दिवशी दिसला. ओळखीच्या माणसांकडून कार्ड एका दिवसासाठी मागून घ्यायचं आणि संध्याकाळी मोजून परत करायचं.

त्या माणसाला मेसेज केला तर आधी "कुरियरवाल्याने बदलली असतील" आणि मग ब्लॉक. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे जाऊन सहावा दिवस होता. तिथे पहिला प्रश्न हाच आला की व्यवहार कधी झाला. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच बँकेला ते अडवता येतात, त्यामुळे कळल्याक्षणी फोन करायचा, रविवार असो की रात्र. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर हाताशी ठेवायचा. मग केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर लेखी तक्रार केली आणि छापील प्रत घेऊन शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी चेष्टा केली नाही, नीट ऐकून घेतलं. चॅटचे स्क्रीनशॉट, पाकीट, कुरियरची पावती, कार्डं, सगळं जपून ठेवायला सांगितलं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, खेळाच्या कार्डांनाही ते लागू होतं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

तयार डेक घ्यायचा पर्याय मला होता. ड्रॅगापल्टचाच लीग बॅटल डेक २०२५ मध्ये बाजारात आला, सीलबंद आणि लगेच खेळता येण्यासारखा. तेव्हा मला वाटलं, सुटी कार्डं जमवून मी आणखी स्वस्तात बसवीन. आज कुणी पहिला डेक बांधणार असेल तर मी त्याला ओळखीच्या दुकानातून तोच घ्यायला सांगतो. सुटं कार्ड घ्यायचं असेल तर समोरासमोर, कॅफेत, स्लीव्ह काढून, आपलं एक खरं कार्ड शेजारी ठेवून. यादी ग्रुपवर टाकायची तर दोन-तीन कार्डांची, आणि बजेट व तारीख कधीच लिहायची नाही. बाहेरगावचा माणूस असेल तर व्हिडिओ कॉलवर कार्ड स्लीव्हबाहेर काढून, त्यामागे बॅटरी धरून दाखवायला सांगायचं. यावर चिडणाऱ्याकडून घ्यायचं नाही.

मित्रांपैकी एकाने सुचवलं की ही सात कार्डं स्पर्धा न खेळणाऱ्या एखाद्या पोराला हजारात देऊन टाक, त्याला काय कळतंय. तो वाईट नाही, माझे पैसे निघावेत म्हणूनच म्हणाला. पण मग त्या पोराच्या घरचा टेबलक्लॉथ माझा झाला असता. सहा कार्डं तक्रारीच्या प्रतीसोबत लिफाफ्यात आहेत. सातवं, एक बड्यू, पोलिसांना विचारून मी माझ्या डब्यात ठेवलंय, स्लीव्हवर मार्करने "खोटं" लिहून. रविवारी कुणी नवीन आलं की ते स्लीव्हमधून काढतो, शेजारी एक खरं कार्ड ठेवतो, दोन्ही हातात देतो आणि विचारतो, यातलं कुठलं? परवा नाशिकरोडचा तो मुलगा आला होता. त्याने दोन्ही कार्डं खिडकीकडे धरली, लगेच ओळखलं, आणि मोबाइल काढून तो लॉट नको म्हणून कळवून टाकलं.