दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंना काय द्यायचं: खाजा, वड्या, आमसुलं की पिंपळपान?

सहामाही परीक्षा संपत आली की आमच्या वेंगुर्ल्यात शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांमध्ये एकच विषय निघतो. शेवटच्या दिवशी बाईंना, सरांना आणि मुलांच्या दोस्तमंडळींना काय द्यायचं? माझी दोन मुलं. दोघांचे मिळून सहा शिक्षक आणि चौदा-पंधरा मित्रमैत्रिणी, म्हणजे वीसेक पुड्या होतात. विकतचा चॉकलेटचा डबा वीस जणांना परवडत नाही, आणि परवडला तरी माझं मन घेत नाही. मागच्या दारी नारळ आहे आणि माळ्यावर आमसुलांची बरणी आहे. मग बाहेरचं कशाला आणायचं? गेली सहा वर्षं मी घरीच करून देते. काय टिकलं, काय वाया गेलं, कशाने समोरच्याला खरोखर आनंद झाला, हे आता पुरतं कळलंय, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दोन वर्षांत मी एक गोष्ट लक्षातच घेतली नव्हती. आमच्या शाळेतले निम्मे शिक्षक घाटावरचे आहेत. कुणी कोल्हापूरकडचे, कुणी सांगलीचे, एक बाई तर थेट विदर्भातल्या. शाळा सुटली की त्याच रात्री किंवा दुसऱ्या पहाटे एसटीत बसतात. आपण हौसेने दिलेली वस्तू आंबोलीची वळणं चढते, दोन गाड्या बदलते, आणि मग दिवाळीच्या फराळाच्या गर्दीत त्यांच्या घरी पोचते. मुलांचे दोस्त मात्र याच वाडीतले. त्यांच्या हातात पडलेली वस्तू संध्याकाळपर्यंत संपलेली असते. त्यामुळे दोघांना एकच काहीतरी द्यायचा हट्ट मी सोडला. तुम्हीही आधी याद्या दोन करा, पुढचं सगळं सोपं होतं.

दुसरी गोष्ट आपली हवा. पाऊस गेला असं आपण म्हणतो, पण ऑक्टोबर सरेपर्यंत हवेतली ओल काही जात नाही, दुपारी उकडतं आणि मधूनच गडगडून एखादी सर येते. गूळ आणि साखर ही ओल ओढून घेतात. एका वर्षी मी शेंगदाण्याची चिक्की केली होती. ताटात असताना काचेसारखी कडक होती, मला फार समाधान वाटलं. तिसऱ्या दिवशी मुलीच्या मैत्रिणीच्या घरी गेले तर कागद चिक्कीला चिकटलेला, आणि ती बिचारी कागदासकट चोखत होती. तेव्हापासून दिवाळीत चिक्की नाही. जानेवारीत, संक्रांतीच्या कोरड्या हवेत मात्र जरूर करावी.

आता खाऊचं. खरी लढत आहे ती खाजा आणि नारळाच्या वड्या यांच्यात.

खाजा म्हणजे आपल्या जत्रांतला. दशावतारी नाटक सुरू व्हायच्या आधी कंदिलाच्या उजेडात कागदावर ढीग घालून विकतात तो. घरी फारसं कुणी करत नाही, पण करायला अवघड नाही. अर्धा किलो बेसन, चवीपुरतं मीठ, चिमूटभर हळद आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं. सोऱ्याला मोठ्या भोकाची चकती लावून बोटाएवढे तुकडे पाडायचे आणि मंद आचेवर आतपर्यंत कुरकुरीत तळायचे. इथवर कुणालाही जमतं. पाकाशी मात्र घाई चालत नाही. बेसनाइतकाच गूळ, वाटीभर पाणी आणि भरपूर किसलेलं आलं. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याची टणक गोळी झाली पाहिजे, ती ताटलीवर टाकली की टक्‌ असा आवाज आला पाहिजे. आवाज मऊ आला तर आणखी दोन मिनिटं. मग गॅस बंद करून तळलेले तुकडे त्यात लोटायचे आणि उलथनं फिरवत राहायचं. सुरुवातीला सगळं मिळून एक ओला, चकचकीत गोळा वाटतो. चार-पाच मिनिटांनी कढईतून खळखळ आवाज यायला लागतो, गुळाची चमक जाऊन त्यावर फिकट कोरडी साय धरते आणि एकेक तुकडा सुटा होतो. माझ्या सासूबाई कढईशी बसून सांगतात, ‘हात थांबवू नको गो, नायतर गूळ एकाच जाग्यार बसतलो.’ ते अगदी खरं आहे.

एवढ्या साहित्यात किलोभर खाजा सहज होतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या दहा पुड्या. तेल-गॅस धरून मला पुडीमागे पंधरा रुपयांच्या आसपास पडतात. पाक नीट झाला असेल आणि पुडी घट्ट बंद असेल तर पंधरा दिवस काही होत नाही. एसटीत बॅगेच्या तळाशी गेला तरी फुटत नाही. गेल्या वर्षी मुलाच्या वर्गशिक्षिका सुट्टीनंतर मला म्हणाल्या, घाटात गाडी लागायला लागली तेव्हा तुमचा खाजा तोंडात धरला, आल्याने बरं वाटलं. यापेक्षा मोठी पावती मला नको.

नारळाची वडी चवीला खाजापेक्षा सरस, हे मी खुल्या मनाने मान्य करते. दोन जून नारळांचा फक्त पांढरा चव (खोवलेलं खोबरं), त्याच्या पाऊणपट साखर, वेलची. मिश्रण कडेने सुटून गोळा व्हायला लागलं की तूप लावलेल्या ताटात थापायचं. तिसेक वड्या होतात. चारची पुडी केली तर नारळ विकत घेऊनही खर्च खाजाइतकाच, आणि नारळ घरचा असेल तर निम्म्याने कमी. मे महिन्यात आटवून ठेवलेला हापूसचा गोळा असेल तर त्यातला चमचाभर घाला, रंग आणि वास दोन्ही येतात.

पण ओल्या नारळाचं आयुष्य थोडं. दूध किंवा खवा घातला तर दोन दिवस धरा, नुसत्या साखरेची कोरडी वडी चार-पाच दिवस. प्रवासात उन्हात राहिली तर तेवढीही भरवशाची नाही. घाटावरच्या बाईंना वडी दिली तर त्यांनी ती वाटेतच संपवायला हवी. म्हणून वडी दोस्तांना, आणि इथेच राहणाऱ्या शिक्षकांना. शाळेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी करायची, त्याआधी नाही.

काजूचा विचार प्रत्येकीच्या मनात येतोच, कारण वेंगुर्ला म्हटलं की काजू. फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातींनी तर आपल्या गावाचं नावच घेतलंय. पण काजूगर आपल्यालाही स्वस्त मिळत नाहीत, आणि घरच्या बिया मुलांच्या हातून भाजून-फोडून घ्यायचा विचार करत असाल तर करू नका. बीच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. एका-दोघांना द्यायचं असेल तर मीठ-मिरी लावलेले मूठभर काजू छान, पण वीस जणांचं गणित बसत नाही.

आता ज्याला खाऊ म्हणता येणार नाही, पण स्वयंपाकघरातलंच आहे असं. आमसुलं आणि मालवणी मसाला.

माझं मत विचाराल तर घाटावरच्या शिक्षकांसाठी आमसुलांसारखी दुसरी भेट नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण आपल्याला त्याचं अप्रूप उरलेलं नाही. घाटावर आमटीत चिंच पडते, चांगलं आमसूल तिथे शोधावं लागतं. आपण मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतो, बिया वेगळ्या करतो, सालं उन्हात टाकतो, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळवतो, अशी पुटं देत देत ती काळी होतात. हे सगळं काम मुलांनी बघितलेलं असतं, बोटं लाल करून घेतलेली असतात. त्यामुळे पुडीवर ‘आमच्या घरची’ असं मुलाने लिहिलं तर ते खरंच असतं. वर्षभर टिकतात, वजन नाही, सांडायचं भय नाही. घरची असतील तर खर्च फक्त पुडीचा. विकत आणून द्यायची झाली तर पन्नास ग्रॅमला खाजापेक्षा जास्त पडतात, आणि मग ती हाताने केलेली भेटही राहत नाही.

सोबत सोलकढीची चिठ्ठी नक्की घाला, कारण नुसती आमसुलं हातात आली की पुष्कळांना पुढे काय करायचं ते कळत नाही. आम्ही असं लिहितो: दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची, एका नारळाचं दूध, दोन लसणाच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची वाटून, मीठ, वर कोथिंबीर. चिठ्ठी मुलाच्या अक्षरात. गेल्या वर्षी लेकाने ‘कुस्करायची’चं ‘कूस्करायची’ केलं होतं, मी ते तसंच ठेवलं.

मालवणी मसाला मी दोनदा दिला आणि थांबवला. मसाल्यात खोट नाही. पण प्रत्येक घरचा आपला मसाला असतो, आणि नवा मसाला बहुतेक डबा उघडून वास घेऊन परत झाकला जातो. शिवाय मुलाचा त्यात हात कुठेच नसतो. शाळेतल्या मावशींना मात्र मी अजूनही देते, कारण त्या दर वर्षी हक्काने मागतात.

उटणं सगळ्यांत स्वस्त. मसूर डाळीचं पीठ दोन वाट्या, आणि आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, सुकलेल्या गुलाबपाकळ्या यांची पूड प्रत्येकी दोन-दोन चमचे. दोनदा चाळलं की झालं. वीस छोट्या पुड्या होतात आणि पुडीमागे दहा रुपयेही लागत नाहीत. आच नाही, तेल नाही, म्हणून आठ वर्षांचं मूल हे पूर्ण आपल्या हाताने करू शकतं, आणि हा गुण खाजात अजिबात नाही. तिथे उकळता गूळ असतो, मुलांनी फक्त पुड्या बांधाव्या. उटण्याला दोन अटी. नरकचतुर्दशीच्या आधी पोचलं पाहिजे, कारण नंतर ते कुणी काढत नाही. आणि पुडीवर सगळी द्रव्यं लिहा, आंबेहळद काहींच्या कातडीला सोसत नाही.

खायचं-लावायचं काहीच नको असेल तर पिंपळपान किंवा करवंटी.

पिंपळाच्या पानाची जाळी आपण सगळ्यांनीच लहानपणी वहीत ठेवलीय. पानं पाण्यात तीन-चार आठवडे भिजत घालायची, अधूनमधून पाणी बदलायचं. वास येतो, भांडं परसात ठेवा. हिरवा गर सुटायला लागला की वाहत्या पाण्याखाली जुन्या मऊ ब्रशने हलकेच काढायचा. उरते ती शिरांची जाळी, जुन्या पुस्तकात दाबून वाळवायची. खालच्या देठाला रंगीत दोरा बांधला की पुस्तकात घालायची खूण तयार. खर्च शून्य. पाचातली दोन पानं फाटतातच, म्हणून जास्त भिजवा. वाचणाऱ्या शिक्षकांना ही भेट फार आवडते. आमच्या एका सरांच्या हजेरीपटात मुलीने दिलेलं पान तीन वर्षं आहे.

करवंटीच्या पणत्या करायचा मोह टाळा. करवंटी भराभर पेटते, आपण चुलीत तीच घालतो. त्याऐवजी डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्या. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज टोचला जातो आणि पाणी निघून जायला आयतं भोक मिळतं. बाहेरून काचपेपर मारून शेंड्या काढायच्या, आत माती आणि पानओव्याची काडी. मूळ धरायला दोन आठवडे द्या. घासायला एकेका करवंटीला तासभर लागतो, तेव्हा तीन-चार जिवलग दोस्तांपुरतंच हे ठेवा. एसटीने जाणाऱ्या कुणालाही देऊ नका, माती बॅगेत सांडते.

किनाऱ्यावरून शंख-शिंपले गोळा करून काही करायचं असेल तर साध्या तुटक्या शिंपल्यांवरच थांबा. प्रवाळ आणि काही जातींचे शंख यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ओळख पटवणं मुलांचं काम नाही.

एक विनंती आहे. भेट लहानच ठेवा. वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरी यंदा काहीच करता आलेलं नसतं. एका मुलाच्या हातात मोठा डबा बघून ती मागे सरतात, आणि बाईंनाही अवघडल्यासारखं होतं. आम्ही चार-पाच आया मिळून वर्गातर्फे एकच पिशवी करतो. कुणी आमसुलं, कुणी खाजा, ज्यांना काही जमलं नाही त्यांची मुलं चिठ्ठ्या लिहितात. नावं सगळ्यांची.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, दसरा २० ऑक्टोबरला. पिंपळाची पानं मी घटस्थापनेच्या आधीच भिजत घालणार आहे. उटण्याची द्रव्यं दसऱ्यानंतर आणीन. शाळा सुटायच्या तीन दिवस आधी खाजा, आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वड्या. विदर्भातल्या बाईंच्या पुडीत या वेळी आमसुलं दुप्पट घालायची आहेत, त्यांच्या आईने सोलकढी पुन्हा मागितलीय.