१०८ ची गाडी की आपत्ती व्यवस्थापन?

बडोद्यातल्या आपल्या मुलामुलींनी नोकरीच्या या दोन्ही वाटा नीट बघाव्यात. गुजरातेत १०८ रुग्णवाहिका सेवा २००७ मध्ये सुरू झाली. तिथला ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ, धावत्या गाडीत ऑक्सिजन लावतो, रक्तस्राव थांबवतो, वेळ आली तर बाळंतपणही करतो. अडलं की फोनवर डॉक्टरांना विचारतो. बीएस्सी, नर्सिंगवाल्यांना हे काम जमण्यासारखं. मात्र नोकरी सरकारी नव्हे, आणि रात्रपाळी चुकत नाही.

आपत्ती व्यवस्थापनात नकाशे, इशारे, निवारे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा या कामाचं मोल सगळ्यांना कळलं. पण पदं मोजकीच. बडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन आहे खरी, तिथे जवान मात्र निमलष्करी दलांतून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ नोकरीतून काही काळापुरते, येतात.

लगेच कमवायचं असेल तर मी १०८ च सुचवेन. पदवीधरांनी जोडीला इग्नू या मुक्त विद्यापीठाची आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका करावी.