तालुक्याचा मृत्युदर: नागरी नोंदणी की नमुना नोंदणी?

तालुक्याचा मृत्युदर काढायला बसले की मुख्यतः दोन आधार समोर येतात. १९६९ च्या कायद्याने चालणारी नागरी नोंदणी, म्हणजे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद, गावोगाव पोहोचलेली असली, तरी २१ दिवसांच्या मुदतीत किंवा नंतरही प्रत्येक मृत्यू नोंदवला जातोच असे नाही. बारसेही न झालेले बाळ दगावले तर ते सहज सुटते. शिवाय नोंद मृत्यू घडला तिथे होत असल्याने जिल्हा रुग्णालयात वारलेला गावकरी शहराच्या खात्यावर जातो.

दुसरा आधार नमुना नोंदणीचा: तीत निवडक वस्त्यांमध्येच गणक वर्षभर नोंदी ठेवतो, पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघर फिरतो आणि दोन्ही याद्या ताडल्या जातात, त्यामुळे गळती, म्हणजे नोंदीतून सुटलेले मृत्यू, कमी. मात्र नमुना राज्यापुरता बेतलेला असतो; तालुक्याच्या वाट्याला त्यातली थोडीच वस्ती येते, आणि थोड्या वस्तीत दर सहज हलतो.

२,००० वस्तीच्या गावात १० ऐवजी १४ मृत्यू झाले, तर दर हजारी ५ वरून ७ वर चढतो, आणि तो निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून नागरी नोंदणीच पायाला घ्यावी, असे मला वाटते: नोंदी मूळ पत्त्याकडे वळवाव्यात, नमुना नोंदणीच्या राज्यदराशी ताडून वयोगटानुसार गळती अंदाजावी आणि शेजारच्या तालुक्यांच्या आकड्यांचा आधार घेऊन चढउतार सौम्य करावेत. सगळीकडे एकच गळती मात्र लावू नये. नंदुरबारमधल्या धडगावचा डोंगरी पाडा आणि पुण्याजवळची हवेली यांत नोंदणीची वाट सारखी नाही.