२८ डॉलरला ११ जुनी टोकनं घेतली, त्याचा रिव्ह्यू (एक सध्या देवघरात आहे)

आधीच सांगून टाकतो, मी काही नाणेतज्ज्ञ वगैरे नाही. नेपरव्हिलला राहतो, शिकागोला ऑफिस, रोज लोकलने येणं जाणं, आणि रेल्वेचं वेड मात्र लहानपणापासूनचं कारण मामा मिरजेला आणि तेव्हा मिरज स्टेशनात नॅरो, मीटर, ब्रॉड तिन्ही गेजच्या गाड्या दिसायच्या, सुट्टीत आमचा मुक्काम घरापेक्षा तिथल्या पुलावरच जास्त. तर मागच्या हिवाळ्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून फोन चाळत बसलो आणि एका ऑनलाइन विक्रेत्याचा लॉट दिसला, 'जुन्या सिनेमाची आणि रेल्वेची जाहिरात टोकनं, ११ नग, आजोबांच्या कपाटातून', शिपिंग धरून २८ डॉलर. घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथे अमेरिकेत रेल्वे कंपन्या, थिएटरवाले, बुटाची दुकानं, सगळेच पूर्वी नाण्यासारखे बिल्ले पाडून फुकट वाटायचे. हिशेब साधा, कागदाची जाहिरात माणूस दोन पावलांवर टाकून देतो पण धातूचं गोल काही मिळालं की खिशात घालतो, त्यात त्यावर 'गुड लक' लिहिलं असलं की मग बायकोनेही फेकायला सांगितलं तरी फेकत नाही.

पाकीट आलं. उघडलं तर ११ पैकी ३ कार वॉशची, २ व्हिडिओ गेमच्या दुकानाची (ही तर माझ्यापेक्षा वयाने लहान असतील) आणि २ असली की बायकोला दाखवताना मी पटकन पालथी केली, जुन्या वेस्टर्न गावातल्या 'तसल्या' घरांची टोकनं म्हणून विकतात ती. नंतर कळलं की ही बहुतेक सगळी पर्यटकांसाठी अलीकडे पाडलेली, त्या काळाशी संबंध शून्य. म्हणजे ७ गेली. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर, जुना माल आहे, जसा आहे तसा. फोटोत या सातांपैकी दोनच दिसत होती तीही अर्धी झाकलेली, हे आपण आधी बघायला हवं होतं, मान्य. पण लिस्टिंगमध्ये सिनेमा आणि रेल्वे लिहायचं आणि कार वॉश पाठवायचं याला काय म्हणायचं. विक्रेत्याला ५ पैकी दीड, तो अर्धा पण पाकीट वेळेत आलं म्हणून.

आता उरलेली ४, कारण पैसे तिथे वसूल झाले.

पहिलं युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा 'लकी पीस', १९३४. साधारण सव्वा इंचाचं ॲल्युमिनियमचं टोकन, हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटतच नाही, टेबलावर टाकलं तर आवाज पण नाण्याचा नाही, डब्याच्या झाकणासारखा येतो. यावर जी गाडी आहे ती एम-१००००. मंदीचे दिवस, लोक रेल्वे सोडून मोटारीने फिरायला लागलेले, तेव्हा युनियन पॅसिफिकने रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीकडून तीन डब्यांची ॲल्युमिनियमची गाडी बांधून घेतली, फेब्रुवारी १९३४ मध्ये हातात आली, वेग ताशी ११० मैलांपर्यंत, रंग पिवळा आणि तपकिरी. आधी देशभर नुसती दाखवत फिरवली, मग शिकागोच्या 'सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस' या जागतिक प्रदर्शनात उभी केली. पुढून तोंड असं की मुलाला फोटो दाखवला तर म्हणाला, बाबा ही व्हॅक्युम क्लीनर आहे का.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बरेच विक्रेते 'खऱ्या गाडीच्या पत्र्यातून बनवलेलं' असं ठोकून देतात. तसं नाही. गाडीला जे ॲल्युमिनियम वापरलं त्याच प्रकारचं या टोकनात आहे एवढाच दावा होता, कंपनीने गाडी कापून टोकनं वाटली नव्हती. गाडी खरंच मोडली पण ती १९४२ मध्ये, युद्धात ॲल्युमिनियम हवं होतं म्हणून. गाडी गेली, फुकट वाटलेलं टोकन माझ्या टेबलावर आहे. मला ही वस्तू यासाठीच आवडते. माझ्या टोकनाला मात्र काठावर दोन पोचे आहेत आणि गाडीच्या नाकावर आडवा ओरखडा, ॲल्युमिनियम मऊ, लगेच खरवडतं. तरी साडेचार स्टार.

(तिची स्पर्धक गाडी, बर्लिंग्टन रेल्वेची झेफिर, मात्र वाचली, ती स्टेनलेस स्टीलची. शिकागोच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये उभी आहे, जरूर बघा. २६ मे १९३४ ला ती डेन्व्हरहून निघून १०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत शिकागोला आली, आणि गाडीत एक गाढव पण होतं, खरंच, झेफ नावाचं. त्याच वर्षी आरकेओ या फिल्म कंपनीने तिला घेऊन 'द सिल्व्हर स्ट्रीक' सिनेमा पण काढला. ती ज्या लाइनने आली त्याच लाइनवर मी रोज १५ मिनिटं लेट होतो.)

दुसरं हॉपलाँग कॅसिडीचं. विल्यम बॉइडने या काउबॉयचे १९३५ ते १९४८ मध्ये ६६ सिनेमे केले, १९४९ ला तेच टीव्हीवर आले आणि पोरं वेडी झाली. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला 'गुड लक फ्रॉम हॉपी'. जुनं आहे, खरं आहे, पण इतकं मुबलक मिळतं की यासाठी लॉट घेऊ नका, सुटं घ्या. तीन स्टार. तिसरं म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेला एक सेंट, कडेला दुकानाची जाहिरात. हा प्रकार १९०१ च्या बफेलोच्या प्रदर्शनापासून फार चालला. छान आहे पण माझ्या टोकनातलं नाणं सैल झालंय, हलवलं की खुळखुळतं.

चौथ्याकडे येतो, त्याआधी कामाचं. हा माल हातात घेऊन घ्या. नंतर मी इथल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या कॉईन शोला गेलो, दारात ३ डॉलर तिकीट, आणि एका टेबलामागच्या आजोबांकडे तोच लकी पीस माझ्याकडच्यापेक्षा चांगला, एकही पोचा नाही, ८ सांगितले, मी मंडईतली सवय काढली, ५ ला दिला. वर त्यांनी माझ्या पाकिटातली प्लॅस्टिकची पिशवी नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. नवीन शॉवर कर्टनचा वास येतो ना, तसा वास आला की ते पीव्हीसी, त्याने पितळ आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. मायलार या प्लॅस्टिकचे कडक फ्लिप, म्हणजे नाणी ठेवायची पारदर्शक पाकिटं घ्या, स्वस्त असतात. आणि धुवायचं नाही, घासायचं नाही, पुसायचं पण नाही, जुना काळपटपणा हीच याची किंमत, असं त्यांनी मला तीनदा बजावलं.

तर चौथं. पितळेचं, गडद तपकिरी झालेलं, एका बाजूला कपड्यांच्या दुकानाची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला घोड्याची नाल, चार पानांचं क्लोव्हर आणि मधोमध चक्क स्वस्तिक, भोवती लिहिलंय 'मेंबरशिप एम्ब्लेम ऑफ द डोन्ट वरी क्लब'. हिटलरच्या आधी अमेरिकेत स्वस्तिक हे सरळ नशिबाचं चिन्ह होतं, असली टोकनं तेव्हा सर्रास वाटायचे. ना सिनेमाचं ना रेल्वेचं, पण अख्ख्या लॉटमधलं माझं सगळ्यात आवडतं. ऑफिसला न्यायची हिंमत नाही, शेजारी बसणाऱ्याला समजावत बसावं लागेल, म्हणून घरीच टेबलावर ठेवलं होतं.

कॉईन शोवरून घरी आलो तर ते जागेवर नाही. आई सहा महिन्यांसाठी आलीय सांगलीहून. विचारलं तर म्हणाली, अरे किती कळकट झालं होतं, चिंच आणि मीठ लावून घासलं, बघ कसं लखलखतंय. आणि खरंच लखलखत होतं, देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, वर हळदकुंकू. मी म्हटलं अगं आई त्याची किंमत गेली सगळी. तिने विचारलं, कितीला घेतलंस? मी म्हटलं ११ मिळून २८ डॉलर. तिने मनातल्या मनात ११ ने भागलं, रुपयात केलं, आणि म्हणाली, मग एवढ्यासाठी तोंड का पाडतोस, आणि त्यावर इंग्रजीत लिहिलंय काय ते तरी सांग.

सांगितलं. अजून हसतेय.